खडूनं आखलेली गाडी

लंकाबाईंना राग येतो, ही बातमी त्यांच्या घरच्यांना त्यांच्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळली. तोवर सगळ्यांची समजूत अशी की, या बाईला देवानं राग दिलेलाच नाही. नात्यात कुठं लग्न जमायला लागलं की सून कशी असावी याचा दाखला म्हणून त्यांचं नाव घेतलं जाई. शांत, समजूतदार, तोंडातून ब्र न काढणारी. खरं तर राग होता आणि चांगला रसरशीत होता. फक्त तो काढायला फुरसत नव्हती. आधी गोठा, मग भाजीच्या जुड्या, मग द्राक्षबाग, मग पोरं, मग पोरांची पोरं. राग काढायचा म्हटलं तरी माणसाला घटकाभर बसावं लागतं.

निफाडजवळच्या शिवारात त्या सून म्हणून आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. आता मुलगा संतोष द्राक्षं परदेशी पाठवतो, त्याचं स्वतःचं पॅकहाउस आहे, नाशकात गंगापूर रोडला बंगला आहे. बंगल्यात झोपाळा आहे. झोपाळ्यावर बसायला मिळालं आणि तिथंच रागाला जागा झाली.

गाडीचं खूळ नानांचं. नाना म्हणजे बहिरूनाना, लंकाबाईंचे यजमान. अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की सगळा देश बघायचा. पण हॉटेलच्या गादीवर पाठ टेकणार नाही, बाहेरचं अन्न खाणार नाही आणि घरातले देव मागं ठेवून जाणार नाही. आता असा माणूस देश बघणार कसा? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, नाना, मग घरातच बसा. पण संतोष पडला बापाचा लाडका. त्यानं तोडगा काढला: चालतं-फिरतं घर. मोटारहोम. झोपायला पलंग, रांधायला ओटा, एसी, टीव्ही, सगळं चाकांवर. "घ्यायची तर एकदाच घेऊ," तो म्हणाला, "आणि अशी घेऊ की वीस वर्षं दुसरीचं नाव काढायला नको."

मग सहा महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवायला बसलं की गाडी, चहाला बसलं की गाडी. मुंबईला जाऊन एक परदेशी गाडी बघून झाली. आत शिरलं की एखाद्या मंत्र्याच्या दिवाणखान्यात आल्यासारखं वाटावं. नाना तिच्या सोफ्यावर बसले ते उठेनात. पण सोबत सावळीराम मिस्त्रींना नेलं होतं, म्हणून वाचले. मिस्त्रींनी एकतीस वर्षं एसटीच्या बांधणी कारखान्यात बसचे सांगाडे उभे केले; आता नाशकातच अंबडच्या एमआयडीसीत त्यांची स्वतःची शेड आहे. ते सोफ्याकडं फिरकलेच नाहीत. खाली पोतं अंथरलं, गाडीखाली उताणे झोपले, बोटानं इथं-तिथं ठोकून बघितलं आणि कपडे झटकत उठले.

"नाना, नाकापरीस मोती जड हाय. पेठच्या घाटात एकदा पोट घासलं की पार्टासाठी जर्मनीच्या वाटंला डोळे लावून बसा. गाडी घेताना कशी दिसती ते नसतं बघायचं. बंद पडल्यावर कुठं दुरुस्त होईल ते बघायचं."

पुण्याला दुसरी बघितली, तीन वर्षं वापरलेली. तिच्या छताच्या कोपऱ्यात मिस्त्रींनी अंगठा दाबला आणि प्लायवूड भिजल्या पावासारखं आत गेलं. "कुठंतरी पाणी मुरतंय म्हणत्यात ना, ते हितं मुरतंय," ते म्हणाले. शेवटी ठरलं की देशी बसचा सांगाडा घ्यायचा, ज्याचा फिटर गावोगाव मिळतो, आणि वरचं घर मिस्त्रींकडून बांधून घ्यायचं. छत अखंड, सांध्याचं नाही. लाकडाऐवजी न कुजणारे पत्रे. टपावर सोलर. तीनशे लिटरची टाकी. एकेका गोष्टीवर बापलेकांचा चार-चार दिवस खल चाले. सोफ्याच्या कापडावर तर आठवडा गेला.

या सहा महिन्यांत लंकाबाईंना एकच प्रश्न विचारला गेला: शेगडी दोन बर्नरची हवी का तीनची? त्या म्हणाल्या, दोन. या थोर खरेदीत त्यांचा वाटा तेवढाच.

पण गाडी हवी होती ती नानांपेक्षा त्यांना. हे कुणाला ठाऊक नव्हतं. अगदी पहिल्यांदा संतोषनं आणलेल्या रंगीत माहितीपत्रकात एक फोटो होता, मागच्या बाजूच्या छोट्या खोलीचा. आत पांढराशुभ्र कमोड, भिंतीला आरसा, वर बोटभर खिडकी. ते पत्रक लंकाबाईंनी रद्दीतून काढून साड्यांच्या घडीत ठेवलं होतं. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की त्या ते बघत. पलंगाचं पान नाही, ओट्याचं नाही. तेवढं एकच पान.

याला कारण होतं, आणि ते कारण आठवलं की त्यांची तळपायाची आग मस्तकाला जाई. सासरी आल्या तेव्हा बायकांनी उजाडायच्या आत बांधापलीकडं जाऊन यायचं, की मग अंधार पडेपर्यंत नाव काढायचं नाही. पुढं टेम्पोत मेथीच्या जुड्या घालून नाशिकच्या बाजारात यायच्या. निघायचं पहाटे चारला, परतायचं दुपारी तीनला. गडी टेम्पो थांबवून कुठल्याही बाभळीआड जाऊन येत, मिशीला पीळ देत परत बसत. बाईनं काय करायचं? बाईनं आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं नाही. इतका सोपा उपाय. लंकाबाईंनी तो अशा निष्ठेनं पाळला की सासूबाई, सखुबाई, पाहुण्यांपुढं कौतुकानं सांगत, "आमच्या लंकीला तहानच लागत नाय बघा." पुढं ते घरातलं सुभाषितच झालं. दोनदा मूतखडा झाला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, पाणी कमी पिता का हो? लंकाबाईंनी तोंड उघडायच्या आत नानांनी उत्तर दिलं, "तिला तहानच लागत नाय, डॉक्टरसाहेब. पहिल्यापासून."

त्या दिवशी नानांच्या डोक्यात समोरचा सलाइनचा स्टँड घालावा असं लंकाबाईंना मनापासून वाटलं होतं. घातला नाही. शांत बाई ना त्या.

मंगळवारी मिस्त्रींचा फोन आला, आखणी झालीय, बघून पास करा. नाना, संतोष, सून सुवर्णा आणि लंकाबाई असे चौघं अंबडला गेले. सावळीराम मिस्त्रींची कामाची एक तऱ्हा होती. कागदावरचा नकाशा ते कुणाला दाखवत नसत. "कागदावर समदंच मावतं," असं म्हणत. शेडच्या झाडून घेतलेल्या कोब्यावर ते अख्खी गाडी खऱ्या मापानं खडूनं आखायचे. चोवीस फूट लांब, साडेसात फूट रुंद. जिथं पलंग तिथं चौकोन, जिथं ओटा तिथं पट्टी, दाराच्या जागी रेघ सोडलेली. गिऱ्हाइकानं त्या रेघांतून हिंडायचं, गुडघा कुठं अडतो ते बघायचं, मग पत्र्याला कात्री लागायची.

नानांनी खडूच्या उंबऱ्याशी चपला काढल्या. बाकीच्यांनीही काढल्या. नसलेल्या दारातून चौघं एकामागून एक आत गेले. संतोष खडूच्या पलंगावर उताणा झोपून बघू लागला. नाना पुढं स्टुलावर बसून नसलेल्या काचेतून कन्याकुमारीकडं बघू लागले. सुवर्णा ओट्याच्या पट्टीशी उभी राहिली. लंकाबाई कुणाशी न बोलता थेट मागं गेल्या. तिथं तीन फूट बाय साडेतीन फुटांची चौकट होती आणि आत मिस्त्रींनी 'सं' असं लिहिलं होतं. त्या आत जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही कोपरं बाहेर काढून बघितली. पुरत होती जागा. त्यांना इतकं बरं वाटलं की क्षणभर डोळे मिटले.

"मिस्त्री, आमचे देव कुठं बसायचे?" नाना पुढून ओरडले.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. देवांची जागा कुणी सांगितलीच नव्हती. ओट्यावर फळी मारू म्हणाले. नाना म्हणाले, फोडणीचा धूर लागेल. पलंगावर कपाट करू म्हणाले. नाना म्हणाले, देवाखाली कुणी झोपतं का? मग नाना मागं चालत आले, लंकाबाई उभ्या होत्या त्या चौकटीकडं बघितलं आणि म्हणाले, "हे काय?"

"संडास, नाना."

"चुलीपास्नं सात फुटावर? जिथं रांधायचं तिथंच...? आरं, देवाची गाडी ही! माझे देव आन् संडास एका पत्र्याखाली? पुसून टाका ते. हितं देवघर करा."

"बंगल्यात चार आहेत की, नाना," सुवर्णा हळूच म्हणाली.

"बंगल्याला मधी भिंती हायेत. तू गप बस."

संतोष उठून आला. त्याला वाटलं होतं बाप सोफ्याच्या कापडावरच अडेल. घोडं इथं पेंड खाईल असं ध्यानात नव्हतं. पण त्यालाही ही सूचना पटली, कारण ती त्याच्या हिशेबात बसत होती. "तसं बघितलं तर नाना म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "वीस वर्षं ठेवायची गाडी. वास येणार, पाइप तुंबणार. आणि ती खालची टाकी उपसणार कोण? ड्रायव्हर नाही म्हणतो. आजकाल हायवेला पेट्रोलपंप आहेत ना जागोजागी. थांबायचं, जाऊन यायचं."

"शेट, संडासाबिगर ही गाडी म्हंजी पडदं लावलेला टेम्पो," मिस्त्री म्हणाले. पण गिऱ्हाइकापुढं मिस्त्री तरी किती बोलणार? संतोषनं कोपऱ्यातला ओला बोळा उचलला, वाकला आणि 'सं' पुसायला लागला. अक्षराला लागूनच लंकाबाईंचं पाऊल होतं.

"आई, जरा पाय काढ."

लंकाबाईंनी पाय काढला नाही.

"आई, पाय."

"नाय काढत."

आवाज एवढा मोठा निघाला की शेडच्या टोकाला वेल्डिंग करणारे दोघं थांबले. संतोष वाकलेला तसाच राहिला. नानांनी इकडं-तिकडं बघितलं, जणू दुसरीच कुणी बाई बोलली असावी.

"हात लावून बघ त्या रेघंला," लंकाबाई म्हणाल्या. "सहा महिनं सोफ्याचं कापड बघताय! सोफ्याचं! मला इचारलं का, लंकाबाई, तुमाला काय पायजे? बर्नर इचारलं. दोन का तीन. म्हंजी मी रांधायची, तुमी खायाचं, आन् मी तोंड बांधून बसायचं कन्याकुमारीपत्तूर?"

"अगं, पंप हायेत ना," नाना म्हणाले.

"तुमी गेलात का कंदी पंपावरच्या बायकांच्या संडासात? मी गेलीय. एकाला कुलूप, चावी मालकाच्या खिशात, मालक गेलाय जेवाया. एकात बाटल्यांचा ढीग. एकाला दारच नाय, सुवर्णा पदर धरून उभी व्हती. तुमाला काय! रस्त्याच्या कडंला उभं राह्यलात की झालं. आख्खा देशच तुमचा संडास हाय."

वेल्डिंगवाल्यांतला एकजण हसला आणि मिस्त्रींनी बघताच गप्प झाला. नानांचं तोंड लाल झालं. "लोकात काय बोलतीस? चार माणसं हायेत."

"हायेत तर ऐकू द्या. देवाचं म्हणता? देवाला मी मांडीवर घिऊन बसन पार काश्मीरपत्तूर. त्यास्नी कुठं जायाचं नसतंय. मला जायाचं असतंय! आन् टाकी कोण उपसणार म्हणतोस व्हय रं संतोष? मी उपसन. चाळीस वर्सं गोठा कुणी काढला? तुझी लंगोटं कुणी धुतली? तुझ्या आजीची दोन वर्सं अंथरुणातली घाण कुणी काढली? तवा न्हाई कुणी म्हणलं, वास येतो, पाइप तुंबंल."

"आई, तू आधी बोलायचंस ना," संतोष म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. "आम्हाला काय माहीत? तुला तर प्रवासात कधी गरजच लागत नाही. तू पाणीसुद्धा..."

त्यानं ते वाक्य पुरं केलं नसतं तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण केलं. "...तुला तहानच लागत नाही."

लंकाबाईंना वाटलं, आता आपल्याला चक्कर येईल किंवा आपण याच्या थोबाडीत देऊ. दोन्ही झालं नाही. आवाज मात्र खाली आला, आणि तो खाली आलेला आवाज ओरडण्याहून वाईट होता.

"अक्षय तृतीयेला मालेगावच्या लग्नाहून येत व्हतो. आठवतं?"

संतोषला आठवत होतं. चांदवडच्या अलीकडं ट्रक उलटला होता, दोन तास गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"दोनदा म्हणलं तुला, बाबा, गाडी घे कडंला. तू म्हणलास, पुढं चांगला पंप हाय. पुढं पंप आला, तू फोनवर बोलत व्हतास, गेला मागं. घरी उतारलो, तर तुझी नवी सीट वली. कातड्याची. तू सुवर्णावर वरडलास, बाटली सांडली म्हणून. आडाणी म्हणलास तिला. पोरांदेखत म्हणलास."

सुवर्णा मान खाली घालून ओट्याच्या रेघेकडं बघत होती.

"बाटली नव्हती सांडली," लंकाबाई म्हणाल्या.

नाना खडूच्या दाराकडं वळले आणि तिथंच थांबले. बाहेर जावं की आत राहावं, त्यांना कळेना. संतोषच्या हातातून काळपट पाण्याचे थेंब कोब्यावर पडत होते. त्यानं बोळा खाली ठेवला.

"तिनं मला शालीत गुंडाळून आत नेलं, धुतलं, आन् बाहेर येऊन तुझं बोलणं खाल्लं. म्हणली, माझ्या हातून सांडलं. चार महिनं झालं. मला मरून जावंसं वाटत व्हतं, आन् तुमी दोघं हितं देवघर आखताय."

चौकटीतून त्या हलल्या नाहीत. संतापानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आल्याचा त्यांना आणखी संताप येत होता.

सावळीराम मिस्त्रींनी खिशातून खडू काढला. लंकाबाईंच्या पायांशी बसून त्यांनी पुसलेलं अक्षर पुन्हा लिहिलं, ठळक. मग नानांकडं न बघता म्हणाले, "वहिनी, तीन बाय साडेतीन आखलंय. हातभर वाढवू का? सोफा कमी करतो."

"वाढवा."

"माझा सोफा..." नानांनी सुरुवात केली. लंकाबाईंनी नुसतं बघितलं. ते वाक्य नानांनी पुरं केलं नाही.

घाईघाईनं सगळं निस्तरून टाकावं तसा संतोष म्हणाला, "बरं, आई. राहील संडास. मोठा करू, चांगला करू, सगळ्यात भारी कमोड बसवू. झालं ना तुझं समाधान? चल आता, बस जरा."

"कमोड घाल चुलीत," लंकाबाई म्हणाल्या. "तिची माफी माग."

"घरी गेल्यावर बोलतो मी तिच्याशी."

"आडाणी म्हणलास तवा घरात नेऊन कानात म्हणला नव्हतास. हितंच माग. मी हितनं हलत न्हाई."

कोट्यवधींचे करार बिनदिक्कत करणारा माणूस तो. परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत भांडणारा. त्याला दोन शब्द जुळवायला पाच मिनिटं लागली. वेल्डिंगवाल्यांनी मुद्दाम पाठ फिरवली. तो चालत ओट्याच्या रेघेपाशी गेला, पण रेघ ओलांडली नाही.

"सुवर्णा, चुकलं माझं," तो म्हणाला.

सुवर्णानं वर बघितलं. सगळ्यांना वाटलं आता ही रडणार, किंवा जाऊ द्या म्हणणार, कारण आजवर ती तेच म्हणत आली होती. ती रडली नाही. तिनं नाक पुसलं, मिस्त्रींच्या हातातल्या खडूकडं बघितलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या गाडीबद्दल स्वतःचं मत सांगितलं.

"दाराला कडी पाहिजे, मिस्त्री," ती म्हणाली. "आतून. चांगली जाड."